अस्मानात शिरलेली सुलतानी

2025च्या सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. सीना नदीचे पाणी ओसरून चार दिवस झाले होते आणि काठच्या एका गावात पंचनामे सुरू झाले होते. मी बांधावर उभी होते. सोयाबीन आडवे पडून काळवंडले होते. एक शेंग दाबून पाहिली तर आतल्या दाण्याला कोंब फुटलेला. नदीलगतच्या पट्ट्यात पीक तर गेलेच होते, पण मातीही गेली होती. एरवी जिथे पाय घोटाभर रुतला असता तिथे मुरूम उघडा पडला होता आणि चालताना पायाखाली खडे करकरत होते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक गट नंबर विचारत होते, क्षेत्र लिहून घेत होते, शेतकऱ्याला पिकात उभे करून मोबाइलवर फोटो काढत होते.

त्या शेताच्या मालकीण सत्तरीच्या आजी होत्या. सातबाऱ्यावर नाव त्यांचेच. त्यांनी सगळी माहिती नीट सांगितली आणि शेवटी विचारले, ‘‘भाऊसाहेब, पाणी आभाळातनं आलं का धरणातनं, त्ये बी लिव्हलं का?’’ तलाठी सकाळपासून पायी फिरून दमले होते, पण चिडले नाहीत. म्हणाले, ‘‘आजी, त्याला रकाना नाही. अतिवृष्टी आणि पूर, एवढंच लिहायचं असतं.’’ आजी थोडा वेळ नदीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मग इचारायचं कुणाला?’’

या पुस्तकाचा विषय त्या प्रश्नात आहे. हवामान बदलाबद्दल मराठीत आता बरेच लिहिले जाते. त्यातले पुष्कळसे लेखन विज्ञान समजावून सांगते, काही येणाऱ्या संकटाचा इशारा देते. दोन्हींची गरज आहे. या पुस्तकाने मात्र दुसरे काम अंगावर घेतले आहे. विधिमंडळात, प्रचारसभेत, सरकारी निर्णयात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात आणि गावच्या पारावर आपण या संकटाला कोणकोणत्या नावांनी हाक मारतो, आणि त्या नावामुळे कोणाकडे काय मागता येते व कोण सुटून जातो, हे इथे तपासले आहे.

घर वाहून गेलेल्या माणसाला शब्दांशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात तरी फार मोठे देणेघेणे आहे. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला तर ती अतिवृष्टी. पिकाचे नुकसान 33 टक्क्यांहून जास्त असेल तर ते मदतीला पात्र. समजा, आठवडाभर रोज चाळीस-पन्नास मिलिमीटर पाऊस झाला आणि मुळे कुजून गेली, तर शेतातले चित्र तेच असते, पण कागदावरचा शब्द लागू होत नाही. शेतकऱ्यांना कित्येक हंगाम हे सोसावे लागले. अखेर 2023 साली राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली. पाऊस आधीही तसाच पडत होता. नाव मिळाले तेव्हा त्याची दखल घेता आली.

हा इतिहास जुना आहे. 1963 साली महाराष्ट्राने एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या सर्व कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला. शेतीची परिस्थिती आता अशी झाली आहे की त्या शब्दाची गरज उरली नाही, अशी त्यामागची धारणा होती. त्याच्या जागी आली टंचाई. नऊच वर्षांनी 1972चा दुष्काळ पडला. माणसे खडी फोडायला रांगेने बसली, जनावरे कवडीमोलाने गेली, आणि लोकांच्या तोंडी शब्द राहिला तो दुष्काळच. पुढे 2015-16मध्ये सरकारी कागदांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असा शब्दप्रयोग होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले त्याच्या पुढच्याच महिन्यात, 2016च्या मे मध्ये, 29 हजारांहून अधिक गावांसाठी ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, असे शुद्धिपत्रक निघाले. ‘सदृश’ ही तीन अक्षरे पुसायला एवढे सगळे घडावे लागले.

2025च्या पुरानंतर तोच खेळ उलट्या बाजूने झाला. खरिपाचे साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र बाधित झाले होते. विरोधी पक्ष आणि शेतकरी संघटना ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ म्हणत होत्या. नियमावलीत ओला दुष्काळ अशी संज्ञा नाही, पण दुष्काळात मिळणाऱ्या सवलती लागू करू, असे सरकार सांगत होते. ऑक्टोबरमध्ये 31 हजार 628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या दोन-तीन आठवड्यांत राज्यभर वाद झाला तो दुष्काळ ओला म्हणायचा की नाही यावर. हा पाऊस असा का पडू लागला, तो पुन्हा असाच पडणार असेल तर नद्या, धरणे, पिके आणि पंचनाम्याचे नियम यांचे काय करायचे, हा प्रश्न त्या वादात कुणाच्याच बाकावरून जोरात आला नाही. आजींच्या प्रश्नाला गावात रकाना नव्हता, तसा तो राजधानीतही नव्हता.

आपल्या भाषेला या विषयाची समज नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अस्मानी आणि सुलतानी ही जोडी मराठी माणसाने शेकडो वर्षे वापरली आहे. शेतसाऱ्यात सूट देण्याच्या जुन्या कागदांपासून आजच्या अग्रलेखांपर्यंत ती चालत आली. आभाळातून आलेले ते अस्मानी, राज्यकर्त्याकडून आलेले ते सुलतानी. संकट आले की आधी ठरवायचे की हे कोणाचे. अस्मानी असेल तर धीर धरायचा, एकमेकांना सावरायचे आणि राजाकडे सवलत मागायची. सुलतानी असेल तर जाब विचारायचा. जबाबदारीची एवढी नेटकी विभागणी फार थोड्या भाषांच्या रोजच्या बोलण्यात सापडेल.

हवामान बदलाने ही विभागणीच मोडली. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो आहे, वाऱ्यांबरोबर येणारा ओलावा वाढतो आहे, आणि महाराष्ट्र त्या वाटेवरच बसलेला आहे. तापमानवाढ माणसामुळेच होते आहे, यात शंकेला जागा नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय हवामान मंडळाने 2021च्या अहवालात स्पष्ट लिहिले. म्हणजे ज्या आभाळाकडे आपण निर्हेतुक म्हणून बघत होतो, त्यात कोळशाच्या, तेलाच्या आणि तोडलेल्या जंगलांच्या निर्णयांचा धूर मिसळला आहे. अस्मानात सुलतानी शिरली आहे.

आणि नेमक्या याच वेळी आपल्या राजकारणाने ‘हवामान बदल’ या शब्दाचा उपयोग उलट्या दिशेने सुरू केला, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे. अमेरिकेत या विषयाचे राजकारण नाकारण्यावर उभे राहिले. आपल्याकडे नाकारणारे थोडे. आपल्याकडे धोका आहे तो हात झटकण्याचा. पूर आला, हवामान बदल. दरड कोसळली, हवामान बदल. नाला बुजवला होता, डोंगर पोखरला होता, धरणाचे दरवाजे उशिरा उघडले होते, इशारा गावापर्यंत पोहोचलाच नव्हता, यातले काहीही विचारायला गेले की उत्तर तेच. जो शब्द जबाबदारी दाखवून देण्यासाठी घडला तो आपल्याकडे ‘देवाची करणी’ या जुन्या शब्दाच्या जागी जाऊन बसतो आहे.

याची सुरुवात भाषेच्या अंगाने कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. ‘बदल’ हा मराठीत अगदी सौम्य शब्द. आजारातून उठलेल्या माणसाला आपण हवापालटासाठी पाठवत असू, तो बरे वाटावे म्हणून. ‘हवामान’ म्हणजे उद्या पाऊस पडेल की ऊन, एवढेच बहुतेकांच्या मनात येते. हे दोन शब्द शेजारी ठेवले की ऐकणाऱ्याच्या मनात भीती उभी राहत नाही, संतापही नाही. अमेरिकेत फ्रँक लुंट्झ या प्रचारतज्ज्ञाने या शतकाच्या सुरुवातीला रिपब्लिकन पक्षाला लेखी सल्ला दिला होता की ‘ग्लोबल वॉर्मिंग’ऐवजी ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, तो शब्द कमी घाबरवतो. संज्ञा शास्त्राचीच होती आणि शास्त्रज्ञ ती आधीपासून वापरत होते; तिच्या सौम्यपणाचा फायदा मात्र राजकारणाने हेरला. ‘कार्बन फूटप्रिंट’चेही तसेच. बीपी या तेल कंपनीने 2000नंतरच्या दशकात आपल्या जाहिरातींतून लोकांना स्वतःचा फूटप्रिंट मोजायला लावले, आणि चर्चा तेलविहिरीवरून उठून प्रत्येकाच्या घरातल्या दिव्यावर येऊन थांबली. शब्द बदलला की बोट कोणाकडे दाखवायचे तेही बदलते.

जागतिक व्यासपीठावर भारताने मात्र शब्दांची लढाई जाणीवपूर्वक लढली आहे. 1991 साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण या पर्यावरण अभ्यासकांनी एका छोट्या पुस्तिकेतून जगाला विचारले की गरिबाच्या भातशेतीतून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा धूर एकाच तागडीत कसे तोलता? जगण्यासाठीचे उत्सर्जन वेगळे, चैनीसाठीचे वेगळे. पुढच्याच वर्षी रिओच्या परिषदेत ‘समान पण वेगवेगळी जबाबदारी’ हे तत्त्व मान्य झाले. आजही भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे आणि अमेरिकेचे त्याच्या सहा-सातपट. भारताची ही मांडणी न्याय्य आहे आणि तिच्याविषयी मला अभिमान वाटतो.

म्हणूनच हीच तागडी आपण घरात धरत नाही याचे दुःख होते. पॅरिस करार झाला तेव्हा श्रीमंत देशांनी सोबतच्या निर्णयात एक कलम आग्रहाने घालून घेतले: हानी आणि नुकसान यांविषयीच्या तरतुदीमुळे कोणावर कायदेशीर दायित्व येणार नाही, नुकसानभरपाईचा हक्कही निर्माण होणार नाही. 2022मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत त्यासाठी निधी मान्य झाला, पण ‘भरपाई’ हा शब्द टाळूनच. गरीब देशांना ते बोचले, आणि बोचायलाच हवे होते. आता आपल्या राज्याचे शासन निर्णय वाचा. बाधित शेतकऱ्याला मिळते ते ‘निविष्ठा अनुदान’, म्हणजे पुढच्या हंगामाच्या बी-खतासाठीचा हातभार. गेलेल्या पिकाची ती भरपाई नव्हे, मदत. मदत देणारा उदार ठरतो आणि घेणारा उपकृत. भरपाईत देणारा बांधील असतो. जो शब्द जगाने आपल्याला नाकारला तोच आपण आपल्या शेतकऱ्याला नाकारतो.

आणि शेतकऱ्याला निदान सातबारा आहे. त्या दिवशी पंचनाम्याच्या गर्दीपासून दूर, वडाच्या झाडाखाली पाच-सहा बायका बसल्या होत्या. सोयाबीन काढणीच्या मजुरीवर त्यांचे दिवाळीपर्यंतचे घर चालते. काढणीच राहिली नाही, तेव्हा मजुरी राहिली नाही. त्यांचे नुकसान कोणत्याही गटात, कोणत्याही हेक्टरात मोजता येत नाही. बटाईने शेत करणाऱ्याचेही तसेच; खर्च त्याचा, खाते मालकाचे. संकटाची व्याख्या जमिनीच्या मालकीवर बेतली की ज्यांच्याकडे जमीन नाही ते संकटग्रस्तच ठरत नाहीत. या बायकांवर या पुस्तकात एक स्वतंत्र लेख आहे. वाचकांनी तो आधी वाचला तरी चालेल.

आपल्या सार्वजनिक वादांची आणखी दोन ठरलेली वळणे इथे सांगायला हवीत. पहिले वळण शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याचे. 2019च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोका पातळी कधीच मागे टाकून 55 फुटांचा टप्पा ओलांडला. सांगली पाण्यात बुडाली. 2021च्या जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळा वादाच्या केंद्रस्थानी आले अलमट्टी धरण. कर्नाटकाला त्याची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत न्यायची आहे, त्यामुळे कृष्णाकाठच्या लोकांची भीती खोटी म्हणता येत नाही. धरणांच्या पाणी सोडण्यात ताळमेळ हवा, ही मागणीही रास्त आहे. पण या वादात पूररेषा हरवते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन रेषा नकाशावर असतात. त्यांच्या आत कोणी बांधले, परवानगी कोणी दिली, हे विचारायला गेले की प्रश्न आपल्याच गावात, आपल्याच नगरपालिकेत येतो. शिवाय जुन्या पावसाच्या आकड्यांवर आखलेली शंभर वर्षांची रेषा आजच्या पावसाला पुरेल का, हा खरा हवामान बदलाचा प्रश्न. अलमट्टीवर सभा भरते; निळ्या रेषेवर मते मिळत नाहीत.

दुसरे वळण ‘विकास की पर्यावरण’ हे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालचा पश्चिम घाट तज्ज्ञ गट केंद्राने 2010मध्ये नेमला. 2011मध्ये अहवाल आला, पण तो लोकांपुढे यायला माहितीच्या अधिकाराची लढाई आणि 2012 साल उजाडावे लागले. त्या अहवालाचा गाभा असा की घाटाच्या संवेदनशीलतेचे तीन स्तर मानावेत आणि कुठे काय करायचे याचा निर्णय ग्रामसभांना विचारून, खालून वर घ्यावा. कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर तो पोहोचला तो मात्र बंदीचा हुकूम म्हणून. आता घर बांधता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही, बाहेरचे लोक येऊन आपल्या जमिनीवर राज्य करणार, असे लोकांना सांगण्यात आले. जो अहवाल गावाच्या हाती निर्णय देऊ पाहत होता तो गावाच्या विरोधातला म्हणून रंगवला गेला. त्यानंतर कस्तुरीरंगन समितीने घाटाच्या सुमारे 37 टक्के क्षेत्रापुरती शिफारस केली. 2014पासून त्यावर प्रारूप अधिसूचना पुन्हा पुन्हा निघत राहिल्या. 2024च्या जुलैत सहावी निघाली. या वर्षांत 30 जुलै 2014ला माळीण दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. 22 जुलै 2021ला तळियेत ऐंशीहून अधिक. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडी. प्रत्येक दरडीची कारणे वेगळी असतात, ती एका अहवालाने टळली असती असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण दर वेळी अहवालाचे नाव निघते आणि दर वेळी वाद पुन्हा ‘विकास की पर्यावरण’ या जुन्याच चाकोरीत जाऊन पडतो. डोंगराच्या पायथ्याशी झोपलेल्या माणसाचा जीव हा विकासाचा भाग आहे, हे त्या चाकोरीत कुठेच बसत नाही.

उन्हाची गोष्ट आणखी वेगळी, कारण ऊन दिसत नाही. पुराचे चित्र दाखवता येते, उष्म्याचे नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला भर दुपारच्या उन्हात झालेल्या मोठ्या कार्यक्रमानंतर चौदा जण दगावले. चर्चा झाली ती मंडप, पाणी, वेळ आणि राजकीय जबाबदारीची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या वेळी केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, पूर, गारपीट, अगदी हिमस्खलन आणि कडाक्याची थंडीही होती. उष्णतेची लाट नव्हती. बांधकामावरच्या, वीटभट्टीवरच्या, बाजारात हातगाडी ओढणाऱ्या माणसाचे उन्हाने जाणे कागदावर बहुधा दुसऱ्याच कारणाने होते. जे नोंदले जात नाही त्याच्यावर धोरण होत नाही.

वाचकाला वाटेल की मग शब्दांकडून आशा ठेवण्यासारखे काही नाहीच. तसे नाही, आणि याची उदाहरणेही इथलीच आहेत. 1972च्या दुष्काळात कामे काढली ती मदत म्हणून. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या योजनेने मात्र त्याला ‘हमी’ म्हटले. 1977मध्ये महाराष्ट्राने त्याचा कायदा केला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. ‘हमी’ या एका शब्दाने मागणाऱ्याचा हात खालून वर आला, आणि पुढे देशाच्या कायद्यानेही तीच वाट धरली. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तोपर्यंत मुंबईतल्या असंख्य लोकांच्या लेखी मिठी हा एक नाला होता. त्या दिवसानंतर तिला पुन्हा नदी म्हणायला सुरुवात झाली आणि तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावे लागले. नदीचे हाल संपले नाहीत, पण नदी बुजवली हे वाक्य आता बोलता येते. नाला वळवला म्हटले की कोणाला काही वाटत नव्हते. 2024च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या 14व्या आणि 21व्या अनुच्छेदांत पाहिला. हा शब्द उद्या कुठवर नेता येईल ते आपल्यावर आहे.

आणि एक उदाहरण ज्याला कोणी हवामान धोरण म्हणत नाही. शेतीपंपांचे फीडर सौर ऊर्जेवर नेण्याची योजना 2017पासून राज्यात आहे. गावात कार्बनचे नावही निघत नाही. लोक म्हणतात, ‘दिवसा वीज’. रात्री दोन वाजता विंचू-सापाच्या, बिबट्याच्या भीतीत बॅटरी घेऊन मोटार चालू करायला गेलेल्या माणसाला त्या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कोळसा कमी जळतो तो त्याच्या सोबतीने. यातून मी शिकले ते असे की, हवामान बदलाची भाषा लोकांपर्यंत वरून न्यायची गरज नाही. ती लोकांच्या गरजेतून वर आणता येते.

या संग्रहातले लेख याच धाग्यावर ओवले आहेत. पहिल्या भागात सरकारी कागदांची भाषा आहे: पंचनामा, शासन निर्णय, आपत्तींची यादी. दुसऱ्या भागात सभांमधली आणि वर्तमानपत्रांतली भाषा. तिसऱ्या भागात लोकांची, म्हणजे शेतकऱ्यांची, मजूर बायकांची, कोळ्यांची, उन्हात राबणाऱ्यांची. मृगाने, आर्द्रेने, हत्तीच्या पावसाने वर्ष मोजणारी माणसे ‘आता नक्षत्राचं काही खरं राहिलं नाही’ म्हणतात तेव्हा ती एक निरीक्षण नोंदवत असतात. त्याला अडाणीपणा समजून वर विज्ञानाचा लेप देण्याची चूक आम्ही टाळली आहे. वाचकांना विनंती एवढीच की पुढच्या वेळी पूर आला, दरड पडली, ऊन भाजून गेले, आणि कोणी एक नाव उच्चारले, तर तीन गोष्टी तपासाव्यात: हे नाव दिले कोणी, त्या नावाने खर्च कोणावर पडतो, आणि त्या नावाच्या बाहेर कोण राहिले.

पंचनामा संपल्यावर आजींनी मला घरी नेऊन चहा दिला. भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर पाण्याची ओल दिसत होती. निघताना त्यांचा प्रश्न माझ्याबरोबर आला. त्याचे उत्तर एका माणसाकडे बोट दाखवून देता येणार नाही, हे मला आता कळते. त्यातले काही उत्तर त्या दिवशी धरणाचे दरवाजे कोणत्या वेळी उघडले या नोंदीत आहे. काही नदीच्या पात्रात झालेल्या बांधकामांच्या परवानग्यांत, काही मंत्रालयातल्या मदतीच्या निकषांत, काही विजेसाठी जळणाऱ्या कोळशात, आणि बरेचसे त्या दूरच्या देशांत ज्यांच्या शतकभराच्या धुराने हे आभाळ जड झाले. पण यातली प्रत्येक जागा माणसांची आहे, आणि माणसांना विचारता येते. आजी, विचारायचे कुणाला, त्याची यादी आम्ही या पुस्तकात करायला घेतली आहे. ती अपुरी आहे. तुमच्या पंचनाम्यात मात्र तो रकाना यायलाच हवा.